पॅटर्न विचारला तर सांगायचा का?

या वेळच्या टपालात पोलीस आणि फोन याच विषयावरची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी वकील नाही. नारायण पेठेत माझं डेटा रिकव्हरीचं छोटं दुकान आहे. बसलेल्या हार्ड डिस्क आणि खडकवासल्यात पडलेले फोन हा माझा धंदा. कलमांचा भाग शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या मैत्रिणीच्या नजरेखालून गेला आहे.

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री मित्राच्या गाडीवरून येताना नाकाबंदीत अडवलं. लायसन्स, पीयूसी बघून झाल्यावर हवालदार म्हणाले, "फोनचं लॉक काढ." याने काढलं. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप आणि फोटो चाळले, काही सापडलं नाही, फोन परत दिला. तो नाही म्हणू शकला असता का? आणि म्हणाला असता तर त्यांना फोन उघडता आला असता का?
— एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर: ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, ते माझ्या टेबलावरचं आहे. रस्त्यावर उभ्या हवालदाराला तो फोन उघडता आला नसता. मलाही येत नाही, आणि माझं तर पोट त्यावर आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी गोष्ट वेगळी होती. फोनचा बोर्ड गरम हवेखाली धरायचा, मेमरीची चिप उचलायची, रीडरमध्ये बसवायची, की फोटो, मेसेज सगळं हाती. लॉक असो नसो, त्याला कोणी विचारतच नव्हतं. आता तीच चिप उचलली तर नुसता कचरा मिळतो, कारण आतलं सगळं कूटबद्ध असतं आणि ते उलगडायची किल्ली तुमचा लॉकचा नंबर (पिन) आणि त्या फोनच्या प्रोसेसरमध्ये कोरलेला आकडा या दोघांपासून मिळून बनते. एक असून दुसरं नसेल तर उपयोग शून्य. आयफोनमध्ये हा वेगळा सुरक्षित कप्पा २०१३ च्या ५एसपासून आहे. अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या फोनना कूटबद्धता सक्तीचीच झाली.

माझ्याकडे वडिलांचा फोन घेऊन मुलं येतात, बहुतेक तेराव्यानंतर. त्यात आईबरोबरचे शेवटचे फोटो असतात, विम्याचे कागद असतात. नंबर कोणालाच माहीत नसतो. "बाबा बोट लावून उघडायचे," एवढंच सांगतात. असे बहुतेक फोन मी तसेच परत देते. लॉक किती पक्कं आहे याचा याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही.

पण पोलिसांकडे माझ्यापेक्षा जास्त हत्यारं आहेत. हवालदाराकडे नव्हेत, प्रयोगशाळेकडे. इस्रायलच्या सेलेब्राइट कंपनीची यंत्रं जगभरचे पोलीस वापरतात, अमेरिकेतलं ग्रेकी नावाचं यंत्र खास आयफोनसाठी म्हणून गाजलं. ही यंत्रं फोनच्या सॉफ्टवेअरमधली फट शोधून आत शिरतात. फट बुजली की कंपनी नवी शोधते, आणि हे चालूच असतं. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन ५सी उघडायला २०१६ मध्ये एफबीआयने अ‍ॅपलला कोर्टात खेचलं, आणि मार्चमध्ये बाहेरच्या मदतीने फोन उघडल्यावर खटला मागे घेतला. सर्बियात एका विद्यार्थी आंदोलकाचा अँड्रॉइड फोन सेलेब्राइटच्या साधनाने यूएसबीतून उघडल्याचं मानवाधिकार संस्था अ‍ॅम्नेस्टीने २०२५ च्या फेब्रुवारीत पुराव्यानिशी मांडलं. तेव्हा 'फोन उघडूच शकत नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

यंत्राला यश येणार की नाही हे ठरवणारी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. फोन चालू केल्यावर एकदा जरी तुम्ही नंबर टाकला, की किल्ल्या मेमरीत येऊन बसतात आणि नंतर पडदा लॉक केला तरी बऱ्याचशा तिथेच राहतात. खिशातला तुमचा फोन दिवसभर असाच अर्धा उघडा असतो. बंद करून चालू केलेला, पण अजून नंबर न टाकलेला फोन मात्र खरा बंद. घरी करून बघा. फोन रीस्टार्ट करा, नंबर टाकू नका, आणि दुसऱ्या फोनवरून त्यावर रिंग द्या. "आई" असं नाव येणार नाही, नुसता नंबर झळकेल. नावांची यादीसुद्धा अजून कुलपात आहे. यंत्रांना अडवतो तो हा फोन. म्हणूनच तीन दिवस कोणी उघडला नाही तर आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय अ‍ॅपलने २०२४ च्या अखेरीस आणली, आणि २०२५ मध्ये गुगलनेही तोच मार्ग धरला. प्रयोगशाळेत रांगेत पडलेला फोन त्यामुळे आपला आपणच घट्ट होत जातो.

आता तुमचा पहिला प्रश्न. नाकाबंदीत कागद तपासता येतात, पण फोन चाळायला त्याहून जास्त कारण लागतं. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे कोणत्या तरी गुन्ह्याचा तपास चालू असावा लागतो आणि झडतीचं कारण अधिकाऱ्याला आधी लेखी नोंदवावं लागतं. 'सहज बघू' या सदरात ते बसत नाही. तुमच्या मुलाने "साहेब, कशासंदर्भात बघताय? नोटीस असेल तर घरच्यांना फोन करून देतो" असं म्हटलं असतं तर ते चुकीचं नव्हतं. मात्र रात्री साडेअकराला, रस्त्यावर, वीस वर्षांच्या पोराच्या तोंडून हे निघणं कठीण आहे हे मलाही कळतं. लॉक काढल्याबद्दल त्याला बोलू नका. आवाज न चढवता एकदा विचारायचं, नाव आणि बक्कल नंबर लक्षात ठेवायचा, इतकं शिकवा. तिथे हुज्जत घालून काही हाती लागत नाही.

प्रश्न: माझ्या फोनला इंग्रजी 'झेड'चा पॅटर्न आहे, शिवाय बोटाचा ठसाही. सगळ्यात पक्कं काय?
— वाचक, कोथरूड

उत्तर: आधी तो झेड बदला. नऊ ठिपक्यांतून एकूण ३,८९,११२ पॅटर्न होतात, पण माणसं त्यातले मूठभरच वापरतात. नॉर्वेतल्या एका अभ्यासात २०१५ साली सुमारे ४,००० पॅटर्न तपासले, तर ४४ टक्के डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू झाले होते. तुमचाही तिथूनच सुरू होतो. दुसरी गोष्ट, वडापाव खाऊन फोन उघडा आणि पडदा ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. तेलाची रेघ झेड काढून दाखवेल. माझ्या दुकानात गिऱ्हाईक पॅटर्न विसरल्यावर मी पहिलं हेच करते, आणि दर वेळी नाही तरी बऱ्याचदा जमतं.

नंबरचा हिशेब अ‍ॅपलनेच छापलेला आहे. एक प्रयत्न पडताळायला फोन मुद्दाम सुमारे ८० मिलिसेकंद घेतो. चुकल्यावर थांबायला लावणारी अडवणूक यंत्राने चुकवली असं धरलं, तर चार आकडी १०,००० नंबर तेरा-चौदा मिनिटांत संपतात. सहा आकडी दहा लाखांना बावीस तास. सहाच जागा, पण छोटी अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतील तर साडेपाच वर्षांहून जास्त. म्हणून सहा आकडे हा तळ धरा, आणि जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर नको. ते दोन्ही पोलिसांकडे आधीपासून असतात.

बोटाचा ठसा चोरापासून उत्तम, पोलिसांपुढे लंगडा. बोट धरून लावता येतं आणि कायदाही इथे बोट आणि डोकं यांत फरक करतो. 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितलं की आरोपीचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. पुढे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात त्याच न्यायालयाने सक्तीची नार्को चाचणी मात्र घटनाबाह्य ठरवली, कारण तिथे डोक्यातलं काढून घेतलं जातं. नंबर डोक्यात असतो. दिल्लीच्या सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये हाच धागा धरून म्हटलं की आरोपीला पासवर्ड सांगायची सक्ती करता येणार नाही, बोट मागता येईल. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पासवर्डबाबत तीच बाजू घेतली. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०२१ मध्ये मात्र उलट सांगितलं होतं की पासवर्ड देणं ही साक्षच नव्हे. थोडक्यात, वकिलाला भांडायला भरपूर जागा आहे आणि तुम्हाला खात्री बाळगायला कमी.

ठसा ठेवायचाच असेल तर तो क्षणात बंद करायचं शिका. अँड्रॉइडमध्ये पॉवरच्या मेनूत 'लॉकडाऊन' मिळतो, काही फोनवर सेटिंगमधून आधी चालू करावा लागतो. आयफोनवर बाजूचं आणि आवाजाचं बटण मिळून दाबून धरायचं. पुढे नंबरच लागतो.

प्रश्न: शेजारच्या भांडणात मी साक्षीदार आहे. व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होता म्हणून फोन जप्त झाला. कागदावर पॅटर्नही काढून घेतला. आता फोन कधी मिळणार?
— वाचक, हडपसर

उत्तर: बहुतेक फोन असेच उघडतात. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. एक कोरा कागद, त्यावर नऊ ठिपके आणि "काढा पॅटर्न". तुम्ही आरोपी नाही, व्हिडिओ तुम्हालाच द्यायचा होता, त्यामुळे यात आकाश कोसळलं नाही. पण पंचनाम्याची प्रत मिळाली का ते बघा. त्यात मेक, मॉडेल, आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि फोन चालू होता की बंद हे लिहिलेलं असावं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, तेही झालं का विचारा. हॅश व्हॅल्यूचाही आग्रह धरा. आतल्या डेटावरून काढलेली ही आकड्या-अक्षरांची लांब ओळ असते; डेटात एक अक्षर बदललं तरी सगळी ओळ बदलते. नव्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ती द्यावीच लागते. पुण्यात हा विषय कोरडा राहिलेला नाही. एल्गार परिषद प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली घुसवल्याचा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही.

फोन परत मिळवायला मुद्देमाल परतीचा अर्ज करा, त्याच सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली. वकील म्हणेल तेवढा अवघड तो नाही. तोवर दुसरं सिम घेऊन बँकेचे ओटीपी चालू करा. आणि फोन हातात आला की पॅटर्न बदला, तो कागद अजून कुठल्या तरी फाइलला टाचलेला आहे.

प्रश्न: लपवण्यासारखं नसेल तर एवढी भीती कशाला? मी आयुष्यात काही लपवलं नाही.
— ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: काका, तुमचं नसेल. तुमच्या फोनमध्ये सूनबाईंचे रिपोर्ट, मित्राने उसने मागितलेले पैसे आणि सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनबद्दल लिहिलेलं सगळं आहे. त्या लोकांना विचारलंत का?

प्रश्न: पोलीस दारात आले तर फोन पुसून टाकावा का?
— नाव नको, पिंपरी

उत्तर: नाही. लॉक करणं, बंद करणं वेगळं. पुरावा होऊ शकेल असा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणजे मूळ प्रकरणात सुटलात तरी यात अडकाल. शिवाय पुसून साधत काहीच नाही. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप समोरच्याच्या फोनमध्ये आहेच, कूटबद्ध बॅकअप स्वतः चालू केला नसेल तर गुगल ड्राइव्हवर आहे, आणि कोणाला किती वाजता फोन केला याची नोंद मोबाइल कंपनीकडे. तिला तुमचा पॅटर्न लागत नाही. आणखी एक, आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली डेटा उलगडून द्यायचा आदेश निघाला आणि तो मोडला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो आदेश गृह खात्याच्या सचिव पातळीवरून लेखी निघतो. चौकीत कोणी "सिक्स्टी नाइन लावू" म्हणालं तर कागद बघायला मागा आणि वकिलाला फोन लावा. त्या वकिलाचा नंबर तेवढा पाठ असू द्या, फोन तर त्यांच्याकडे असेल.