खाटेखालचा डिनर सेट

"ताई, माझ्याच विश्वासात काही खोट आहे का?" माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या ३३ वर्षांच्या एका स्टाफ नर्सचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पाच वर्षं स्थळं पाहून झाली, लग्न जमत नव्हतं. चर्चच्या मंडळीतल्या बायका "देवाची वेळ आली की होईल" म्हणत. एका पाहुण्या प्रचारकाने तर डोक्यावर हात ठेवून "याच वर्षी" असं सांगून टाकलं होतं. ते वर्ष सरलं आणि तिची झोप उडाली.

अशा वेळी आधी झोप आणि भूक विचारायची. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन कशातच लागत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरकडे पाठवायचं. नुसत्या प्रार्थनेवर भागवायचं नाही. हिच्या बाबतीत तसं नव्हतं. दर शुक्रवारी पाणीही न पिता उपास आणि वर बारा तासांची नाइट ड्यूटी! देवाजवळ बसायला सवड मिळावी म्हणून उपास. हिचा हप्ता झाला होता. इतके शुक्रवार भरले, आता दे. उपास सुट्टीच्या दिवशी नेला, एकाच जेवणाचा, पाणी पिऊन.

तिच्या मोबाइलच्या स्क्रीनवर बायबलमधलं यिर्मया २९:११ हे वचन होतं, देवाचे संकल्प हिताचे असल्याचं. वचन पाठ, अध्याय मात्र वाचलेला नाही. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे आणि दहाव्या वचनात मुदत आहे ७० वर्षांची. आदल्या अध्यायातला हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका सांगतो आणि खोटा ठरतो. "म्हणजे त्या प्रचारकासारखाच," ती म्हणाली. मग तोवर करायचं काय? ते पाचव्या वचनापासून आहे: घरं बांधून त्यांत राहा, बागा लावून फळं खा.

तिच्या खोलीत खाटेखाली चार वर्षांपूर्वीचा डिनर सेट पेटीबंद होता, लग्नानंतर काढायचा म्हणून. ती जेवायची डब्याच्या झाकणात. पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा (नर्सिंगच्या पुढच्या पदवीचा) फॉर्मही "सासर कुठलं मिळेल कोण जाणे" म्हणून तीन वर्षं राहिला होता.

सोबत एक वही दिली, स्तोत्र १३ च्या बेताची. त्या स्तोत्रात सहाच वचनं: दोन गाऱ्हाण्याची, दोन मागण्याची, दोन भरवशाची. पहिल्या दोनांतच "किती वेळ?" चारदा येतं. रोज १५ मिनिटं लिहायचं: दहा गाऱ्हाण्याला, तीन मागण्याला, उरलेली दोन भरवशाला. बहुतेकांचं चुकतं ते इथे. गाऱ्हाणं म्हणजे अविश्वास असं वाटून ते थेट शेवटच्या दोन वचनांवर जातात. तोंडात स्तुती आणि पोटात राग. हिच्या पहिल्या आठवड्यात "तू चांगला आहेस" सात वेळा, गाऱ्हाणं अर्धी ओळ. दुसऱ्या आठवड्यात आलं, "धाकटीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी हसत का उभी राहू?" त्या दिवशी भरवशाची जागा कोरी होती. कोरीच राहू द्यायची. दुसऱ्याने ती भरली की वही बंद पडते.

तीन महिन्यांनी स्थळाचं काही ठरलेलं नव्हतं. फॉर्म भरला होता. आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी उपासनेनंतर तिने वॉर्डातल्या चौघींना जेवायला बोलावलं. पेटी उघडली तर दोन वाट्यांना तडे गेलेले.

"आता बदलूनही मिळणार नाहीत," ती म्हणाली.