मुलगा नऊवारी नेसून लावणी करतो, त्याला काही झालंय का?

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, शब्द थोडे इकडेतिकडे होतात पण भीती तीच असते. मॅडम आमचा मुलगा बाईचे कपडे घालून स्टेजवर नाचतो, डोक्यावर परिणाम झालाय का, हार्मोनची टेस्ट करायची का, आणि शेवटी हळूच, याचं लग्न होईल ना. म्हणून एका घराबद्दल लिहितेय. नाव आणि ओळखू येतील अशा गोष्टी बदलल्यात, आणि त्याला विचारूनच लिहितेय.

समीर म्हणू त्याला. पंचविशीच्या आतबाहेर, दिवसा अकाउंट्सची नोकरी, सुट्टीच्या दिवशी आणि गणपती-नवरात्रात लावणीचे कार्यक्रम. घरी एवढंच माहीत होतं की पोरगा कोरिओग्राफी करतो. मग एक दिवस काकांनी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला, नऊवारी, अंबाडा, गजरा, नथ, पायात घुंगरू, आणि खाली एकच ओळ, "हा आपला समीर ना?" त्यानंतर घरात दोन आठवडे कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं. आई-वडील त्याला घेऊन आले तेव्हा वडील बसायच्या आधीच म्हणाले, "याला बरं करा मॅडम, काय लागेल तो खर्च करतो."

तर आधी याचंच उत्तर देते, कारण बहुतेक आईबाप इथेच अडकतात. यात बरं करण्यासारखा आजार नाहीये. स्टेजवर बाईचा वेश घेणं हा आजार नाही, त्यासाठी कुठली रक्ताची टेस्ट नाही, गोळी नाही. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चालीरीतीत एखादा माणूस बसत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. आणि कोणी "आम्ही मुलाला नॉर्मल करून देतो" म्हणत असेल तर तिथून उठून या, लैंगिक ओळख किंवा कल बदलायची असली थेरपी म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्येच सांगितलंय. हे सगळं मी वडिलांना सांगितलं. ते गप्प झाले, पटलं होतं असं नाही, पण निदान टेस्टचा विषय थांबला.

मग आईचा प्रश्न आला, मला वाटतं खरा प्रश्न तोच होता. "मग तो तसा आहे का?"

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. स्टेजवर कुठला वेश घेतो ही एक, आतून स्वतःला पुरुष मानतो की बाई की आणखी काही ही दुसरी, आणि प्रेम कोणावर बसतं ही तिसरी. एकीवरून दुसरी ओळखता येत नाही. स्त्रीवेशात नाचणारी बायकामुलं असलेली माणसं आहेत, गे मुलं आहेत, ट्रान्स बायका आहेत, आणि अजून स्वतःचं स्वतःलाच ठरवता न आलेले पण आहेत आणि त्यांना वेळ हवा असतो तर तो द्यावा. समीरशी मी एकट्याशी बोलले होते, तो याबद्दल काय म्हणाला ते मी आईला सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. आईनं तीन-तीनदा विचारलं, रडल्या सुद्धा, पण सज्ञान मुलाची ती गोष्ट त्याची आहे, तो सांगेल तेव्हा सांगेल. समुपदेशकाकडून मुलाची बातमी काढायचा प्रयत्न करू नका हो, एकदा का त्याला कळलं की इथून गोष्टी बाहेर जातात की तो बोलायचाच थांबतो.

वडिलांना मी बालगंधर्वांचं नाव घेतलं, सगळेच घेतात. १९११ च्या मानापमानातली भामिनी, त्यांच्या साड्या-दागिन्यांची फॅशन घरंदाज बायका उचलायच्या, १९६४ ला पद्मभूषण. वडील लगेच म्हणाले, "तेव्हा बायका स्टेजवर येत नव्हत्या मॅडम, नाइलाज होता, याला कसला नाइलाज आहे?" आणि मुद्दा बरोबर होता त्यांचा. मग ते स्वतःच गणपत पाटलांवर आले. तमाशापटात नाच्याची भूमिका इतकी हुबेहूब करायचे की चांगला संसारी माणूस असून लोकांनी त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलावं, आणि त्याची झळ घरच्यांना बसावी. वडील म्हणाले, "मला तेच नकोय. याची बहीण लग्नाची आहे." त्या दिवशी पहिल्यांदा ते रागानं न बोलता घाबरून बोलले. मी त्यांना म्हटलं, तुमची भीती खोटी नाही, लोक असं वागतात, पण यात चूक बोलणाऱ्या लोकांची आहे आणि शिक्षा तुम्ही पोराला देताय.

आता समीरचं. त्याच्याशी बोलताना नऊवारी हा विषय पाच मिनिटांत संपला. लहानपणापासून ढोलकी ऐकली की पाय थांबत नाहीत, अदा करताना समोरचा माणूस श्वास रोखून बघतो ते आवडतं, एवढं साधं. त्रास वेगळाच होता. कार्यक्रम संपायला रात्रीचा एक वाजायचा, मग घरी कळू नये म्हणून हा पेट्रोल पंपावरच्या नळावर तोंड धुवायचा, तेलबिल काही नाही, साबणानं खसाखसा घासायचा, काजळ निघायचंच नाही, गालावर पुरळ आलेलं. साडी-दागिने मित्राकडे ठेवलेले. घुंगरू ऑफिसच्या बॅगेत मोज्यात गुंडाळून, चालताना वाजू नयेत म्हणून. सकाळी नऊला परत ऑफिस. झोप चार तास, तीही अर्धवट. एका आयोजकानं दोन कार्यक्रमांचे पैसे बुडवले होते आणि मागितले तर "तुझ्या घरी व्हिडिओ पाठवू का" म्हणाला होता. एकदा स्टेजमागे एकानं अंगाला हात लावला, हे तर त्यानं मित्रालाही सांगितलं नव्हतं.

म्हणजे बघा, नाचण्यानं त्याचं काही बिघडलं नव्हतं, लपवण्यानं बिघडत होतं. ज्याच्या घरी माहीत नाही त्याला कोणीही धमकावू शकतं, आणि असं काही झालं तर तो घरी येऊन सांगणार कसा? हे मी आईवडिलांसमोर बोलले, समीरला आधी विचारून, स्टेजमागची गोष्ट वगळून. पेट्रोल पंपाचं ऐकल्यावर आई म्हणाल्या, "अरे, खोबरेल तेल लावायचं ना आधी." समीर हसला आणि मग बराच वेळ रडला.

पुढे कामं ठरवली, साधीच. नोकरी सोडायची नाही, या कामात सीझन असतो आणि चार महिने रिकामे जातात, गुडघे-कंबर पण कधीतरी बोलायला लागतात. सुपारी घेताना अर्धे पैसे आगाऊ, आणि सगळं व्हॉट्सॲपवर लिहून, तोंडी काही नाही. कपडे बदलायला दार बंद होणारी खोली मिळणार असेल तरच हो म्हणायचं. एकट्यानं जायचं नाही. हात लावला, धमकी दिली तर तक्रार करता येते, स्त्रीवेशात होता म्हणून तो हक्क जात नाही. कमेंट्स स्वतः वाचायच्या नाहीत, मित्र वाचेल आणि घाण उडवेल. बऱ्याच मुलांना हे कोणी सांगतच नाही कारण मोठी माणसं फक्त "बंद कर" एवढंच सांगतात, आणि बंद कर म्हटल्यावर तो बंद करत नाही, फक्त जास्त लपवतो.

नातेवाइकांचं वडिलांनीच ठरवलं. ग्रुपवर काकांना उत्तर दिलं, "हो, आपलाच समीर. चांगला नाचतो." बहिणीच्या स्थळांना पण आधीच सांगायचं ठरलं. एका स्थळानं त्यानंतर फोन उचलला नाही. घरात त्याचं वाईट वाटलं, दोन दिवस धुसफूसही झाली, पण बहीणच म्हणाली की लग्नानंतर कळून टोमणे खाण्यापेक्षा आत्ता गेलेलं बरं.

वडील अजून कार्यक्रमाला गेलेले नाहीत आणि मी त्यांना तसा आग्रहही केलेला नाही, त्यांना लागेल तेवढा वेळ लागू दे. आईला अजून अधूनमधून तोच जुना प्रश्न पडतो, पण आता त्या तो मला न विचारता समीरला विचारतात आणि तो म्हणतो, सांगेन गं आई, थांब जरा.

तुमच्या घरी असा मुलगा असेल तर साडीकडे बघू नका, झोप बघा, जेवण बघा, माणसांत मिसळतो का बघा. हसणं-बोलणं तुटलं असेल, जगायचा कंटाळा आल्यासारखं बोलत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, किंवा सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर त्यालाही देऊन ठेवा.