कोकणच्या लेण्यांतील दाने

प्रश्न : आमच्या गावात ग्रामदेवतेला नवस फेडतात. प्राचीन कोकणातही देवाला वस्तू अर्पण करीत, याचा पुरावा आहे का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आहे, परंतु त्याला सरसकट नवस म्हणू नये. राजपुरीच्या खाडीजवळील कुडे येथील बौद्ध लेण्यांत, तसेच कान्हेरीला, ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांत दात्याचे नाव, गाव, व्यवसाय आणि त्याने दिलेले लेणे, पाण्याची टाकी किंवा शेत यांची नोंद सापडते. दात्यांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, आणि मला विशेष मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे कुड्याला एक माळीही आहे. अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, म्हणून ठेवलेल्या मुद्दलाच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची (वस्त्रांची) सोय होई. बहुतेक लेखांत हे देणे पुण्यासाठी केल्याचा भाव आहे. ‘इच्छा पूर्ण झाली म्हणून दिले’ असे ते सहसा सांगत नाहीत.

मूक अर्पणाचे सर्वांत सुंदर उदाहरण सोपाऱ्याचे (आजच्या नालासोपाऱ्याचे) आहे. तेथील स्तूप 1882 साली पुरातत्त्व-अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी उकरला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक (लहान डबे), बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि सोन्याची फुले मिळाली. ती कोणी वाहिली, हे कोरलेले नाही.