चेक: शर्टावरचा, बँकेतला आणि पटावरचा

चेक्सचा शर्ट आणि बँकेचा चेक, शब्द एकच की योगायोग? (सदाशिव पेठ)

एकच. आणि त्यांचा थोरला भाऊ तुमच्या रोजच्या मराठीत आहे: शह. मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की ‘शाह!’ म्हणून बजावायचे. अरबीतून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला, तिथे ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत ‘चेक’. शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी राजा सोडवावा लागतो. म्हणून अर्थ सरकत गेला: अडवणे, लगाम घालणे, मग पडताळणे. आपल्या चेकनाक्यावर अडवणे आणि तपासणे, दोन्ही होते! शर्टाला नाव मिळाले ते पटावरच्या चौकटींमुळे. ‘चेस’ हे त्याच फ्रेंच शब्दाचे अनेकवचन.

बँकेच्या चेकच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘क्यूयूई’ कशाला? (कोथरूड)

आधी तो साधा ‘सीके’वालाच होता. 18व्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे काउंटरफॉइल. खोटा कागद आला तर पडताळायला ठेवलेला तुकडा. ‘क्यू’ आला तो ‘एक्स्चेकर’ या इंग्लंडच्या खजिन्याच्या नावाच्या प्रभावाने. त्या नावातही बुद्धिबळच आहे. 12व्या शतकात तिथले हिशेब 10 फूट लांब, 5 फूट रुंद मेजावर, बुद्धिबळाच्या पटासारख्या दिसणाऱ्या रेघांच्या कापडावर चकत्या मांडून होत. पेन्स, शिलिंग, पौंड यांचे रकाने वेगळे. पेन्सच्या रकान्यात 12 चकत्या झाल्या की त्या उचलायच्या आणि शिलिंगात एक ठेवायची. आपला हातचाच की! रिकामा रकाना शून्याचे काम करी.

भारतात आणि ब्रिटनमध्ये ‘क्यूयूई’च लिहा. अमेरिकेत ‘सीके’. तिथल्या हॉटेलात वेटर ‘चेक’ आणतो ते बिल असते, गोंधळू नका.

‘चेकमेट’ म्हणजे राजा मेला ना? (हडपसर)

असे सर्रास सांगतात, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे मेला. पण खेळात राजा मारला जातच नाही. फारसी ‘मात’ म्हणजे हतबल, काही सुचेनासा झालेला, आणि तो अर्थ पटावर नेमका बसतो. ‘संकटावर मात केली’ यातली मात हीच. मित्र या अर्थाच्या ‘मेट’शी मात्र याचा संबंध नाही.

आणि चेक प्रजासत्ताक? (औंध)

काही नाते नाही. ते मध्य युरोपातल्या एका स्लाव्ह लोकसमूहाचे नाव. इंग्रजी स्पेलिंगमधले ‘सीझेड’ पोलिश वळणाचे आहे.