आहाराविषयीच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा निष्कर्ष अंतिम मानावा का?

आहाराविषयी एखादा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (म्हणजे एका प्रश्नावरील सर्व अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, एकत्र तपासून घेतलेला आढावा) प्रसिद्ध झाला म्हणजे त्या प्रश्नाचा निकाल लागला असे समजावे का, असे आपण विचारले आहे. कधीकधी निकाल खरोखरच लागतो. मात्र तो आढावा किती काटेकोरपणे केला यापेक्षा त्यात कोणत्या प्रकारचे अभ्यास आले आहेत यावर अधिक अवलंबून असतो.

माणसांना वीस-वीस वर्षे ठरवून दिलेला आहार घ्यायला लावणे शक्य नसल्याने पोषणातील बहुतेक पुरावा निरीक्षणात्मक अभ्यासांतून, म्हणजे लोकांच्या आहारात बदल न करता केवळ नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासांतून येतो. त्यांत लोक काय खातात हे त्यांच्या आठवणीवरून नोंदले जाते, आणि भाज्या भरपूर खाणारे लोक बहुधा धूम्रपानही कमी करतात व व्यायामही अधिक करतात. अशा इतर सवयींचा परिणाम गणिताने वजा करण्याच्या संख्याशास्त्रीय समायोजनाने हे सगळे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. अनेक अभ्यास एकत्र केले की योगायोगाने येणारी चूक कमी होते, पण सर्वांत एकाच दिशेने असलेली चूक तशीच उरते. उलट आकडा अधिक नेमका दिसू लागल्याने ती चूकच खात्रीची वाटू लागते. मला हा सर्वांत मोठा धोका वाटतो.

गाजरासारख्या भाज्यांत असणाऱ्या बीटा-कॅरोटीन या घटकाचे उदाहरण पाहा. ते आहारातून अधिक घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे निरीक्षणात्मक अभ्यास सातत्याने दाखवत होते. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर यादृच्छिक चाचणी (कोणाला गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणारी) झाली, आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्के अधिक निघाला. आहारातील घटक आणि गोळी एकच नव्हेत हे खरे, तरीही तोपर्यंतच्या अभ्यासांची कितीही काळजीपूर्वक बेरीज केली असती तरी हा धोका तिच्यातून दिसला नसता.

याउलट, फॉलिक अॅसिड या जीवनसत्त्वामुळे गर्भातील मज्जानलिकेचे (ज्यातून मेंदू व मज्जारज्जू घडतात तिचे) दोष बऱ्याच अंशी टळतात हा निष्कर्ष भक्कम आहे. तेथे घटक एकच होता, परिणाम काही महिन्यांत दिसणारा होता आणि चाचण्या करता आल्या. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक देशांत घेतलेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी असा दोष असलेले बाळ झालेल्या स्त्रियांमध्ये धोका ७२ टक्क्यांनी घटला.

बहुतेक वादग्रस्त प्रश्न या दोहोंच्या मध्ये असतात. २०१९ साली तांबड्या आणि प्रक्रिया केलेल्या मांसावरील आढाव्यांच्या एका मालिकेने, ग्रेड (GRADE) या पुराव्याची खात्री श्रेणींत मोजण्याच्या पद्धतीनुसार ती कमी ठरवून, प्रौढांनी सध्याचे सेवन चालू ठेवावे अशी दुर्बळ शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र २०१५ मध्येच प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले होते. दोघांचा पुरावा बराचसा सारखाच होता. कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे, याबाबतची भूमिका वेगळी होती. म्हणून आढावा वाचताना मी सारांशातील शेवटच्या वाक्याआधी खात्रीची श्रेणी पाहतो, आणि एखादा पदार्थ कमी करून त्याच्या जागी काय खाल्ले गेले हे तपासतो. आपणही तसेच वाचावे, आणि ‘खात्री कमी’ याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा मुळीच घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.