आडवं झालं की दम, उठून बसलं की बरं

प्रश्न : आईचं वय ७४, जुना बीपी आहे. महिनाभर झाला, रात्री आडवी झाली की तिला दम लागतो. दोन-अडीचला उठून खिडकीशी बसते, मग बरं वाटतं. संध्याकाळी पाय सुजतात. आयुष्य चुलीच्या धुरात गेलं, म्हणून सगळे दमाच म्हणतात. ऑक्सिमीटर ९६ दाखवतो. मग थोडं थांबावं का?

उत्तर : थांबू नका, एक-दोन दिवसांत दाखवून घ्या. ९६ आकडा आला म्हणून हृदय ठीक असं होत नाही. दम कधी लागतो, हे जास्त बोलकं असतं. आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे परततं. हृदयाला ते पुढे ढकलणं जमेना की फुप्फुसांत पाणी साठू लागतं. उठून पाय खाली सोडले की भार उतरतो. धुराचा दमा सहसा वर्षानुवर्षांच्या खोकला-कफासोबत येतो आणि चालताना जास्त जाणवतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. हृदयामुळेही छातीत शिट्टी वाजते, तेव्हा नुसत्या दम्याच्या पंपावर (इनहेलरवर) भागवू नका.

घोट्याच्या वर नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर ती पाण्याची सूज. अर्थात बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननेही पाय सुजतात. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू आहे का? या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. घरोघरी हीच गोष्ट सांगायची राहते. पापड, लोणचं, फरसाण तूर्त बंद.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. त्याच दिवशी फोन करा. श्वास मोजायचा तर आई निवांत बसलेली असताना पूर्ण मिनिटभर, तिला न सांगता. सांगितलं की लय बदलते. १२ ते २० ठीक, २५च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासण्यांत ईसीजी, छातीचा एक्स-रे, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि जमल्यास एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी). इकोत ‘पंपिंग ६० टक्के’ आलं म्हणून फाइल मिटू नका. जुन्या बीपीमुळे हृदय ताठर होतं, आकुंचन चांगलं असूनही नीट भरत नाही. उतारवयातल्या बायकांत हे बरंच दिसतं.

बसूनही दम थांबेना, ओठ निळसर झाले, गुलाबी फेसाळ थुंकी आली किंवा बोलताना वाक्य तुटू लागलं, तर लगेच १०८. तोवर पाय खाली सोडून बसवा. झोपवू नका, जिना चालत उतरवू नका. खुर्चीत बसवून न्या.

प्रश्न : वडील ६८, मधुमेही. जिना चढताना दम लागतो, घाम फुटतो. छातीत दुखत नाही. सोडा प्यायला की ढेकर येऊन बरं वाटतं. गॅसच ना?

उत्तर : गॅस जिना बघून येत नाही. मधुमेहात नसा बधिर झाल्या की हृदयाचं दुखणं छातीत जाणवेलच असं नाही. नुसता दम आणि घाम येतो. बरं वाटतं ते बहुधा सोड्याने नव्हे, थांबल्याने. आजच ईसीजी काढा. तो नॉर्मल आला तरी पुढची तपासणी टाळू नका, कारण आरामात काढलेल्या ईसीजीत हे बऱ्याचदा दिसत नाही. आणि बसल्या जागी घाम फुटला, तर सोडा शोधत न बसता १०८.