जळगावकडे राहून रोजच्या साध्या गोष्टींत फोटो काढण्यासारखं काय सापडेल?

भरपूर सापडेल, आणि मोबाइल पुरेसा आहे. रावेर-यावलकडे सकाळी ऊन तिरपं असतानाच केळीच्या बागेत शिरा. पान तुमच्या आणि उन्हाच्या मधे येऊ द्या. हिरव्या उजेडात एकेक शीर दिसते, वाऱ्यानं फाटलेली कडासुद्धा देखणी वाटते.

हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरची पथारी, म्हणजे मिरच्या वाळत घालायची मोकळी मैदानं, बघाच. तिथला लाल रंग मोबाइलमध्ये भडकतो, मिरचीच्या सुरकुत्या पुसल्या जातात. स्क्रीनवर मिरचीवर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा.

पण माझ्या मते खानदेशातला सगळ्यात सुंदर फोटो मांडे, म्हणजे पुरणाच्या मोठ्या पातळ पोळ्या, करतानाचा. खापरावर, म्हणजे चुलीवरच्या उपड्या मातीच्या भांड्यावर, टाकण्याआधी मावशी मांडा हातांवर पसरवतात, तेव्हा मागून उजेड आला तर आतलं पुरण आणि बोटांची सावली दिसते. मात्र त्यांना विचारूनच कॅमेरा काढा.